पोलिश माणसाला 'गेट' कसा समजवावा?

क्राकूफला नोकरी करणाऱ्या एका मैत्रिणीचा प्रश्न असा: तिचे पोलिश सहकारी इंग्रजी शिकताहेत आणि 'गेट' (get) या क्रियापदापाशी अडले आहेत. शब्दकोशातले अर्थ पाठ केले तरी वाक्य समोर आलं की भलताच अर्थ निघतो. काय करावं?

आधी पाठांतर थांबवावं आणि 'गेट'च्या पुढे काय येतंय ते बघायची सवय लावावी. पुढे नाम असेल तर बहुधा मिळणं किंवा मिळवणं: 'आय गॉट अ लेटर'. पोलिशमधलं 'दोस्ताच' इथे सरळ बसतं. ताप येण्यालाही ते 'दोस्ताच' वापरतात, त्यामुळे हा भाग सोपा जातो. पुढे विशेषण आलं की अवस्था बदलते: 'इट्स गेटिंग कोल्ड'. 'इन', 'ऑफ', 'अप' आलं की हालचाल. शब्द मुळात उत्तरेकडच्या व्हायकिंग लोकांच्या भाषेतून आला, तिथे 'गेता' म्हणजे मिळवणं. आधी वस्तू हाती येते, मग अवस्था येते, मग जागा गाठली जाते, असा तो पसरला असं धरलं तर सगळे अर्थ एका सुतात ओवता येतात.

पोलिश माणसाची खरी अडचण वेगळी आहे. त्याच्या भाषेत अर्थाचा सगळा भार क्रियापदच उचलतं. अंधार पडू लागणं म्हणजे 'श्चेम्न्या श्ये', त्यात काळोखाचा धातूच बसलेला. गाडीत चढणं 'फ्शादाच' आणि उतरणं 'विशादाच', मूळ एक, उपसर्ग निराळे. अशा माणसाला 'गेट' हे जवळजवळ रिकामं क्रियापद वाटतं. आपल्याकडे अंधार पडतो, ताप येतो, थंडी वाजते. नामाला हलकंसं क्रियापद जोडायची रीत आपल्या अंगवळणी आहे, म्हणून आपल्याला हे पटकन उमगतं.

'गेट मॅरीड'चं तर बघाच. पुरुषाचं लग्न 'ओजेनिच श्ये', त्यात बायको हा शब्द लपलेला. बाईचं 'विश्च झा मोंश', त्यात नवरा. आणि दोघांचं मिळून 'पोब्राच श्ये'. इंग्रजी हे सगळं एकाच 'गेट'वर भागवतं. मला यात पोलिशच जास्त रसरशीत वाटते.

सर्वात जास्त वेळ द्यावा तो 'आय गॉट माय हेअर कट' या रचनेला. पोलिश माणूस न्हाव्याकडे जाऊन आला तरी 'ओब्च्योवेम व्वोसि', म्हणजे 'मी केस कापले' असंच म्हणतो, कारण दुसऱ्याकडून काम करवून घेणं दाखवणारी रूढ रचना पोलिशमध्ये नाही. तेच तो इंग्रजीत उचलून नेतो आणि ऐकणाऱ्याला वाटतं, याने स्वतःच कात्री चालवली. मराठीत 'कापून घेतले' आहे, त्यामुळे तुम्हाला फरक लगेच दाखवता येईल. केस, गाडी, फ्रिज, चष्मा अशा रोजच्या गोष्टी घेऊन पाचदहा वाक्यं करून घ्या.

आणि एक जोडी नक्की द्या: 'ही गॉट अ कोल्ड' आणि 'ही गॉट कोल्ड'. पहिल्यात सर्दी झाली, दुसऱ्यात तो गारठला. पोलिशमध्ये 'अ', 'द' नाहीत, त्यामुळे हा फरक त्यांच्या कानाला सहजी जाणवत नाही. मोठ्याने म्हणून घ्यावा लागतो.