बुवांचा आवाज प्लॉट विकतोय

प्रश्न : माझे वडील गावोगाव कीर्तन करायचे. ते जाऊन काही वर्षं झाली. त्यांच्या जुन्या कॅसेटी चुलतभावाने नेल्या आणि एआयवर हुबेहूब त्यांचा आवाज बनवून मित्राच्या प्लॉटिंगची जाहिरात केली. व्हिडिओत बाबांचा फोटो, आणि आवाज : 'रामकृष्णहरी माउली! हायवे टच एनए प्लॉट, आजच बुकिंग करा.' दिंडीतले एक काका टोकन देऊन बसलेत. भाऊ म्हणतो, आवाज कुणाच्या मालकीचा नसतो. खरं का? – एक वाचक, बार्शी

उत्तर : ताई, भाऊ अर्धवट ऐकून बोलतोय. नुसत्या आवाजावर कॉपीराइट नसतो हे खरं. तरीही मुंबई उच्च न्यायालयाने 2024 मध्ये अरिजित सिंग आणि 2025 मध्ये आशा भोसले यांच्या आवाजाची एआयवर नक्कल करणाऱ्यांना मनाई केलीच. पण ते दोघे स्वतः दाद मागायला गेले होते. माणूस गेल्यावर वारसांचं काय? अभिनेते सुशांतसिंह राजपूत यांच्या वडिलांनी मुलाच्या आयुष्यावरच्या चित्रपटाविरुद्ध दावा केला, तेव्हा 2023 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाचं मत पडलं, की व्यक्तिमत्त्वावरचे हे हक्क सुशांतसिंह यांच्याबरोबरच संपले.

कॅसेटींचं वेगळं आहे. कॉपीराइट कायद्यातल्या कलाकारांच्या यादीत गायक आहे, व्याख्यान देणारा आहे, अगदी गारुडीसुद्धा आहे. मग कीर्तनकार का नको? सादरीकरणावरचा हक्क 50 वर्षं राहतो. भाऊ म्हणेल, 'मी कॅसेट वाजवली कुठं, मशीनला ऐकवली.' यावर वकील वर्षानुवर्षं भांडतील आणि तोवर सगळे प्लॉट विकून होतील.

म्हणून मी तुमच्या जागी असते तर आवाज सोडून जाहिरात धरली असती. हयात नसलेल्या बुवांची शिफारस दाखवणं म्हणजे ग्राहकाची दिशाभूल. 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली तक्रार करा. आणि व्हिडिओत महारेराचा, म्हणजे घरं-प्लॉट विकणाऱ्यांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक, क्यूआर कोड आहे का तेही बघा. जागा 500 चौरस मीटरपेक्षा मोठी असेल, तर सहसा नोंदणीशिवाय जाहिरातच करता येत नाही. आवाजाच्या नोटिशीला भावाचा मित्र हसेल, महारेराच्या नोटिशीला हसणार नाही. काकांना पुढचा हप्ता थांबवायला सांगा.

उद्या भाऊ तुमच्यापुढेही पाकीट ठेवेल. ए. आर. रहमान यांनी बंबा बाक्या आणि शाहुल हमीद या दिवंगत गायकांचे आवाज एआयने वापरले, तेव्हा घरच्यांची परवानगी घेतली, मानधनही दिलं, असा दाखला तो देईल. पण गायकांकडून त्यांनी गाणंच गाऊन घेतलं. तुमच्या बाबांनी हयातीत कुणाला प्लॉट घ्या म्हटलं होतं का? नसेल, तर तुमची सहीसुद्धा मला पुरेशी वाटत नाही.

भावाशी बोलण्याआधी व्हिडिओ उतरवून ठेवा, पाठवणाऱ्याचा नंबर आणि तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट काढा. एकदा डिलीट झालं की 'मी कुठं काय केलं?' हे ठरलेलं.