सार्वभौमत्वाची ‘वाटणी’ की सामाईक सार्वभौमत्व?

विचारणा अशी : युरोपियन युनियनच्या देशांनी ‘सार्वभौमत्वाची वाटणी’ केली असं लिहिलं तर चालेल का? आणि युनियनला संघराज्य (फेडरेशन, म्हणजे घटक राज्यांचं मिळून एकच राष्ट्र) म्हणावं की राज्यसंघ (कॉन्फेडरेशन, म्हणजे सार्वभौम राज्यांचा करारावर उभा सैल संघ)?

‘वाटणी’ इथे नको. वाटणी होते ती वेगळं होताना. भावाभावांत वाटणी झाली की जो तो आपल्या हिश्शाचा धनी, चूलही वेगळी. युरोपात घडलं ते नेमकं उलट. युनियनचं मूळ ज्यात आहे त्या 1951 च्या पॅरिस करारात फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग यांनी कोळसा व पोलाद उद्योगांवरचे अधिकार एका उच्च प्राधिकरणाकडे सोपवले. ज्या मालावर युद्धं लढली जातात तो कुणा एकाच्या मुठीत राहू नये, हा हेतू. म्हणून ‘सामाईक सार्वभौमत्व’ म्हणावं.

सामाईक म्हणजे दरवेळी एकमताने, असंही नाही आणि खरी मेख तिथेच आहे. आज बऱ्याच विषयांत 27 पैकी 15 देश आणि त्यांच्याकडे एकूण लोकसंख्येचा 65 टक्के वाटा एवढं जमलं की निर्णय होतो. विरोधात मत दिलेल्या देशालाही तो पाळावा लागतो. करआकारणीला मात्र अजून एकमतच लागतं. आग्नेय आशियाई देशांच्या आसियानचा कारभार मात्र सहमतीने चालतो, तिथे ‘संघटना’ हा साधा शब्द पुरतो.

कायद्याचंही तसंच. मिलानच्या फ्लामिनिओ कोस्ता यांनी विजेच्या राष्ट्रीयीकरणाला विरोध म्हणून 1,925 लिरांचं बिल भरायचं नाकारलं. एवढ्याशा बिलाचा वाद लक्झेंबर्गमधल्या युरोपीय न्यायालयापर्यंत गेला. 1964 मध्ये न्यायालयाने ठरवलं, की सदस्य देशाने मागाहून केलेला कायदा युरोपीय समुदायाच्या (युनियनच्या पूर्वरूपाच्या) कायद्यावर मात करू शकत नाही.

हे पाहून ‘संघराज्य’ म्हणायचा मोह होतो. पण संघराज्यातून घटक राज्याला सहसा आपल्या मर्जीने बाहेर पडता येत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1869 मध्ये टेक्ससच्या खटल्यात तेच सांगितलं. युनियनच्या करारातलं 50वं कलम ती मुभा देतं आणि 2020 मध्ये ब्रिटन तिच्याच आधारे बाहेर पडला. ‘राज्यसंघ’ही तोकडा पडतो, कारण इथे नागरिकांनी थेट निवडलेली संसद आहे आणि काही कायदे नागरिकांना थेट लागू होतात.

मी ‘युरोपीय संघ’ लिहितो. वर्तमानपत्रांत ‘महासंघ’ रुळलाय खरा, पण महासंघ म्हणजे संघांचा संघ, आणि इथले घटक संघ नाहीत, देश आहेत.