वाचकांचे प्रश्न : अनाथालय काढावं की घर टिकवावं?

प्रश्न (सदर, नागपूर) : आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या (चर्चच्या) आवारात चार खोल्या रिकाम्या आहेत. दरमहा 20 हजार रुपये जमतील. दहा-बारा मुलांचं अनाथालय काढायचं आहे. सुरुवात कुठून करावी?

उत्तर : खोल्यांपासून करू नका. बाल न्याय अधिनियम, 2015च्या कलम 41प्रमाणे नोंदणी न करता मुलं ठेवली, तर एक वर्षापर्यंत कैद, किमान एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. नोंदणी मिळाली तरी दिवसरात्र राहणारी माणसं, जेवण, दवाखाना, समुपदेशन हे सगळं 20 हजारांत भागत नाही. शिवाय संस्थेत येणाऱ्या कितीतरी मुलांची आई किंवा आजी हयात असते. घरभाडं आणि शाळा झेपत नाही, म्हणून मूल घराबाहेर पडतं. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात (1:27) अनाथ आणि विधवा यांचा उल्लेख एकत्रच आहे. विधवेला मागे ठेवून तिचं मूल तेवढं उचलून आणणं त्या वचनात बसत नाही.

आधी आपल्याच वस्तीत वडील गेलेली, आजीकडे वाढणारी मुलं शोधा. त्यांचा सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेचा अर्ज भरून द्या. 18 वर्षांपर्यंत दर मुलामागे महिन्याला 2250 रुपये मिळतात. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात जातो, आदेश बाल कल्याण समिती देते. मुलाचं आणि पालकाचं आधार कार्ड, मृत्यूचा दाखला, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, शाळेचं बोनाफाईड, रेशनकार्ड, बँक पासबुक आणि घरासमोर पालकासोबत काढलेला मुलाचा फोटो जोडा.

अर्ज बहुतेक वेळा नावापाशी अडतो. बोनाफाईडवर ‘जॉन’ आणि आधारवर ‘जान’ असेल, तर आधी तेच दुरुस्त करून घ्या. मृत्यूची नोंदच झालेली नसेल आणि वर्ष उलटलं असेल, तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. त्या फेऱ्या एकट्या बाईला रोजी बुडवून माराव्या लागतात. मंडळीतल्या एखाद्या निवृत्त कारकुनाने तिच्यासोबत जावं, ही पैशाइतकीच मोठी मदत आहे.

मंजुरीनंतरही अनुदान कधी कधी महिनोन्‌महिने रखडतं. मंडळीचे पैसे तिथे लावा : पाच घरांना दरमहा तीन-तीन हजार थेट आईच्या खात्यात, उरलेले पाच हजार आजारपणासाठी राखून. उपासनेला येण्याची अट मात्र नको. शेतात विसरलेली पेंढी अनाथासाठी राहू द्या, असं बायबलमधलं ‘अनुवाद’ हे पुस्तक (24:19) सांगतं. तिच्या बदल्यात काही मागा, असं सांगत नाही.

प्रश्न (जरीपटका) : चर्चच्या पायरीवर कुणी बाळ ठेवून गेलं, तर मंडळीतल्या मूल नसलेल्या जोडप्याला देता येईल का?

उत्तर : नाही. लगेच 1098 या बाल हेल्पलाइनला किंवा पोलिसांना फोन करा. प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांच्या आत बाळ बाल कल्याण समितीपुढे गेलंच पाहिजे. परस्पर दिलं-घेतलं तर बाल न्याय अधिनियमाच्या कलम 80खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आधी आईवडिलांचा शोध घेतला जातो, नंतरच बाळ दत्तकासाठी मोकळं होतं. जोडप्याने ‘कारा’च्या (केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या) पोर्टलवर नाव नोंदवून रांगेत थांबावं. पूर्वी ख्रिस्ती कुटुंबांना फक्त पालकत्व मिळत असे; आता या कायद्याने रीतसर दत्तक घेता येतं.

प्रश्न (इंदोरा) : नाताळात बालगृहात कपडे वाटले. फोटो मंडळीच्या ग्रुपवर टाकावेत का?

उत्तर : चेहरा, नाव, शाळा, काहीही नको. बाल न्याय अधिनियमाचं कलम 74 मोडल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. फोटोऐवजी खर्चाचा हिशेब टाका. आणि पुढच्या वेळी अधीक्षकांना आधी विचारून जा. डिसेंबरमध्ये केक आणि कपड्यांचा ढीग पडतो. विदर्भातल्या शाळा जूनअखेर उघडतात तेव्हा वह्या, दप्तरं आणि रेनकोट विकत घ्यावे लागतात.