सिग्नलला थांबताच गारवा का जातो? : वाचकांचे मोटारविषयक प्रश्न

प्रश्न : मी बडोद्याला मांजलपूर भागात राहतो. दोन वर्षांपूर्वी मी २००८ सालची पोर्शे बॉक्स्टर ही दोन आसनी, कापडी छताची गाडी पहिल्या मालकाकडून विकत घेतली. सोसायटीत आच्छादित जागा नसल्याने ती कडुलिंबाखाली उभी असते. एक्स्प्रेस वेने अहमदाबादला जाताना एसी उत्तम चालतो. डॅशबोर्डवरच्या हवेच्या जाळीत थर्मामीटर खोचून पाहिला, तेव्हा हवा ९ अंश सेल्सिअस भरली. शहरात परतून अलकापुरीच्या गरनाळ्यापाशी (भुयारी रस्त्यापाशी) दहा मिनिटे अडकलो की तीच हवा १९-२० अंशांवर जाते, आणि बाहेर ४२ अंश असताना काळ्या छताखाली बसवत नाही. एसीवाल्याने गेल्या दोन उन्हाळ्यांत प्रत्येकी एकदा थोडा गॅस ‘टॉप-अप’ केला. या एप्रिलमध्ये तिसऱ्यांदा गॅस भरल्यापासून गाडी उभी असताना कॉम्प्रेसर मधूनच बंद पडतो आणि थोड्या वेळाने पुन्हा सुरू होतो. कॉम्प्रेसर थकला आहे, तो बदलावा, असे त्याचे म्हणणे आहे. खर्च मोठा आहे. बदलावा का?

उत्तर : अजून नाही. आपण थर्मामीटर लावून दोन परिस्थितींतले आकडे लिहून ठेवलेत, हे फार चांगले केलेत. बहुतेक पत्रांत ‘एसी कमी गार करतो’ एवढेच असते आणि त्यावरून काहीच ठरवता येत नाही. धावत्या गाडीत ९ अंशांची हवा देणारा कॉम्प्रेसर मोडकळीला आलेला असण्याची शक्यता कमी आहे. त्याच आकड्यावरून आणखी एक शंका फिटते. अशा जुन्या गाड्यांत हीटरचे गरम पाणी आणि एसीची थंड हवा यांच्यामधली झडप नीट मिटेनाशी होते किंवा तिच्यावरचा फोम झडतो, आणि मग गार हवेत गरम हवा मिसळू लागते. पण तसे असते तर इंजिन पूर्ण तापलेल्या अवस्थेत एक्स्प्रेस वेवरही हवा कोमटच राहिली असती. तेव्हा डॅशबोर्ड उघडण्याचा विचार तूर्त सोडून द्यावा.

आता या गाडीची रचना लक्षात घेऊ. बॉक्स्टरचे इंजिन आसनांच्या मागे असते आणि एसीचा कॉम्प्रेसरही तिथेच असतो. तिथून गॅसच्या नळ्या गाडीच्या पोटाखालून थेट नाकापर्यंत येतात, कारण गॅसची उष्णता बाहेर टाकणारे कंडेन्सर पुढे आहेत. ते दोन आहेत, पुढच्या बंपरच्या डाव्या आणि उजव्या हवा-तोंडांच्या आत एकेक. प्रत्येक कंडेन्सरच्या पाठीशी इंजिनाच्या पाण्याचा रेडिएटर आणि त्यामागे विजेचा पंखा, अशी थप्पी असते. बंपरमधली ही तोंडे जमिनीलगत आणि रुंद आहेत, त्यामुळे रस्त्यावरचा पालापाचोळा आत ओढला जातो आणि बाहेर पडायला वाट नसल्याने तिथेच साचतो. याला कंपनीची चूक म्हणता येणार नाही, हवा घ्यायला तोंड कुठेतरी ठेवावेच लागते. परंतु फाल्गुनात कडुलिंबाची पाने झडू लागली की आपल्या गाडीचे नाक केरसुणीचे काम करू लागते, हे मात्र खरे. पावसाळ्यात हा पाला भिजतो, कुजतो आणि त्या ओलाव्याने कंडेन्सरच्या ॲल्युमिनियमच्या पात्या खालच्या बाजूने खाल्ल्या जातात.

उभ्या गाडीत नेमके काय बिघडते? केबिनमधून उचललेली उष्णता कंडेन्सरने बाहेरच्या हवेत टाकायची असते, आणि त्यासाठी आतला गॅस हवेपेक्षा बराच अधिक तापलेला असावा लागतो. आपल्या गाडीतला आर-१३४ए हा गॅस २५० पीएसआय (दाबाचे एकक) इतक्या दाबाला सुमारे ६३ अंशांवर द्रवरूप होतो. म्हणजे ४२ अंशांच्या हवेशी वीसएक अंशांचा फरक राहतो आणि तेवढ्यावर काम भागते. गाडी धावत असताना समोरचा वारा पाल्यातूनही वाट काढतो. थांबल्यावर सगळा भार पंख्यांवर येतो. पंखा फिरत नसेल, किंवा फिरूनही पाल्याच्या थरातून हवा ओढता येत नसेल, तर दाब चढत जातो, गॅसचे द्रवात रूपांतर पुरेसे होत नाही आणि जाळीतली हवा कोमट होते. दाब मर्यादेपलीकडे गेला की सुरक्षेसाठी कॉम्प्रेसर बंद केला जातो. आपल्याकडे कॉम्प्रेसर बंद-चालू होतो, तो माझ्या मते याच कारणाने. तो थकलेला नाही, त्याला वाचवले जात आहे.

हे माझ्या शब्दावर मानू नये. घरीच पडताळून पाहता येईल. गाडी सावलीत उभी करून इंजिन आणि एसी चालू ठेवावा आणि वर्तमानपत्राचा एकेक तुकडा दोन्ही हवा-तोंडांपाशी धरावा. तो आत ओढला जाऊन तोंडाला चिकटला पाहिजे. एका बाजूला चिकटला आणि दुसऱ्या बाजूला लोंबकळत राहिला, तर दोष कोणत्या बाजूला आहे हे तिथेच कळते. एसी लावताच दोन्ही पंखे मंद वेगाने फिरू लागायला हवेत. या पंख्यांना दोन वेग आहेत आणि मंद वेग रेझिस्टरमधून, म्हणजे विजेचा प्रवाह कमी करणाऱ्या भागातून, मिळतो. हा रेझिस्टर जुन्या गाड्यांत जळतो. मग पंखा मंद वेगाने फिरतच नाही, आणि इंजिनाचे पाणी बरेच तापल्यावर एकदम पूर्ण वेगाने घोंगावू लागतो. काट्यावर इंजिनाचे तापमान ठीक दिसत असल्याने मालकाला शंकाही येत नाही. रेझिस्टर नवाच बसवून घ्यावा. काही कारागीर तो वगळून तार थेट जोडतात, त्याने पंखा आणि वायरिंग दोन्हींवर कायमचा ताण येतो.

त्यानंतरची चाचणी पाण्याची. थर्मामीटर जाळीत असू द्यावा आणि दुसऱ्या कोणाला तरी बागेच्या नळीने दोन्ही तोंडांतून कंडेन्सरवर हलकी धार सोडायला सांगावे. दोन-तीन मिनिटांत हवा पाच-सहा अंशांनी उतरली, तर कंडेन्सरला वारा मिळत नाही हे सिद्ध झाले. काहीच फरक पडला नाही, तर इंजिनाचा वेग दीड-दोन हजार फेऱ्यांवर नेऊन पाहावे. तेव्हा हवा गार झाली तर गॅसचे प्रमाण किंवा कॉम्प्रेसर यांच्याकडे वळायला हरकत नाही, कारण मंद फिरणाऱ्या कॉम्प्रेसरची उणीव फेऱ्या वाढल्यावर भरून निघते. या सर्व वेळी हात पंख्यांपासून लांब ठेवावेत.

पाला साचलेला असेल, आणि तो असणारच, तर केवळ समोरून व्हॅक्यूम क्लीनरची नळी फिरवून समाधान मानू नये. तेवढ्याने वरचा थर जातो. खरी गादी कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या फटीत बसलेली असते आणि तिथे पोहोचायला बंपर उतरवून कंडेन्सर पुढे सरकवावा लागतो. नळ्या न सोडता हे काम होते, म्हणून गॅस काढावा लागत नाही. मऊ ब्रशने पाला काढून मागून पुढे साध्या पाण्याने धुवावे. प्रेशर वॉशरच्या धारेने पात्या आडव्या होतात आणि मग पाला नसतानाही हवा अडते. बंपर उतरलेला असतानाच कंडेन्सरचे खालचे कोपरे टॉर्चने पाहून घ्यावेत. धूळ धरलेला तेलकट डाग दिसला तर गळती तिथे आहे असे समजावे, कारण गॅसबरोबर कॉम्प्रेसरचे तेलही बाहेर येते. गाडी परत जोडण्यापूर्वी दोन्ही तोंडांना आतून जाळी लावून घ्यावी. गुलमोहराची बारीक पाने तीतूनही जातील, पण कडुलिंबाचा बराचसा पाला अडेल.

आता गॅसविषयी, कारण तीन वर्षांतले तीन टॉप-अप मला पाल्याइतकेच खटकले. गॅस म्हणजे पेट्रोल नव्हे. तो चालून संपत नाही. वर्षानुवर्षे नळ्यांच्या रबरातून थोडा झिरपतो हे खरे, पण दर उन्हाळ्याला भरावा लागत असेल तर एक तर गळती आहे, किंवा त्याची गरज नसताना तो भरला गेला आहे. एसीवाल्याने बंद गाडीला गेज लावून दाब पाहिला असेल तर त्या आकड्याला काही अर्थ नाही. ३० अंश तापमानाला स्थिर अवस्थेत आर-१३४ए साधारण ९७ पीएसआय दाखवतो आणि ४० अंशांना १३३ च्या आसपास. आत थोडा जरी द्रव शिल्लक असेल तरी हा आकडा तोच राहतो, मग गॅस पूर्ण असो वा निम्मा. चालू एसीतही एकट्या लो साईडच्या, म्हणजे कमी दाबाच्या बाजूच्या, गेजवरून प्रमाण ठरत नाही. किती गॅस आहे हे कळण्याचा मार्ग एकच : सगळा गॅस रिकव्हरी मशीनने काढून त्याचे वजन करणे.

माझा अंदाज असा की पाल्यामुळे एसी कोमट झाला, तो गॅसची कमतरता समजून आणखी गॅस भरला गेला आणि अतिरिक्त गॅसने हाय साईडचा, म्हणजे कंडेन्सरकडच्या बाजूचा, दाब अधिकच वाढवला. कॉम्प्रेसरचे बंद-चालू होणे तिसऱ्या टॉप-अपनंतर सुरू झाले, ही गोष्ट याला धरूनच आहे. म्हणून क्रम असा ठेवावा की आधी साफसफाई आणि पंखे, मगच गॅसचे काम. कारण तुंबलेला कंडेन्सर आणि जादा गॅस या दोन्हींची गेजवरची लक्षणे जवळजवळ सारखीच दिसतात. गॅस काढल्यानंतर प्रणालीत नायट्रोजन भरून साबणाच्या पाण्याने सांधे तपासावेत. नुसता व्हॅक्यूम (आतली हवा काढून केलेली पोकळी) टिकला म्हणून गळती नाही, असे नसते; व्हॅक्यूममध्ये घट्ट बसणारी सांध्यातली रबरी ओ-रिंग दाबाखाली सुटू शकते. त्यानंतर किमान अर्धा तास व्हॅक्यूम ठेवून आतला ओलावा काढावा आणि गाडीवरच्या एसीच्या स्टिकरवर दिलेल्या ग्रॅमइतकाच गॅस काट्यावर तोलून भरावा. एसीवाल्याकडे वजनकाटा नसेल तर नम्रपणे दुसरीकडे जावे. एवढे झाल्यावरही ४० अंशांत उभ्या गाडीची हाय साईड तीनशे पीएसआयच्या वर चढत राहिली, तेव्हाच पुढच्या खर्चाचा विचार करावा.

पावसाळा सुरू झाला की जाळीतली हवा पुन्हा दोन-तीन अंशांनी चढलेली दिसेल. त्याने घाबरू नये. बडोद्याच्या दमट हवेत केबिनची हवा गार करणाऱ्या कूलिंग कॉईलची बरीच शक्ती बाष्पाचे पाणी करण्यात खर्च होते. गाडीखाली पाणी ठिबकत असेल आणि आतली हवा फिरवण्याचे बटण दाबल्यावर फरक पडत असेल, तर सर्व ठीक आहे.

प्रश्न : वडिलांनी परदेशातून आणलेली १९८३ सालची मर्सिडीज-बेंझ ३८० एसएल दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरी आहे. एसी कित्येक वर्षे बंद आहे. ‘नवा गॅस भरला की चालेल’ असे एक मेकॅनिक म्हणतो. भरावा का?

उत्तर : तसाच भरू नये. त्या गाडीत मुळात आर-१२ हा जुना गॅस होता. ओझोनचा थर विरळ करणाऱ्या पदार्थांविषयीचा माँट्रियल करार १९८७ सालचा. त्यानुसार भारतात या गॅसचा वापर २०१० पासून थांबला. आज कोणी ‘आर-१२’ म्हणून काही भरत असेल तर सिलिंडरमध्ये नेमके काय आहे हे विचारावे, कारण पेट घेणारे मिश्रणही त्या नावाने खपवले जाते.

आर-१३४ए वापरता येतो, पण कॉम्प्रेसरचे जुने मिनरल तेल त्यात विरघळत नाही. ते कॉईलमध्येच पडून राहते आणि कोरडा पडलेला कॉम्प्रेसर जाम होतो. म्हणून सारी प्रणाली धुऊन त्यात मिसळणारे एस्टर तेल घालावे, सर्व ओ-रिंग आणि ओलावा शोषणारा ड्रायर बदलावेत आणि रबरी नळ्या नव्या पद्धतीच्या, आत अस्तर असलेल्या बसवाव्यात. गॅस मूळ वजनाच्या ८० ते ८५ टक्केच भरतात. आपल्याकडच्या उन्हाळ्यात आर-१३४ए चा दाब आर-१२ पेक्षा जास्त चढतो, त्यामुळे जुना नळी-पात्यांचा कंडेन्सर कमी पडतो. त्याजागी पॅरलल-फ्लो (समांतर नळ्यांचा) कंडेन्सर आणि त्याच्यापुढे चांगला पंखा लावला नाही, तर बाकी सर्व करूनही आपली तक्रार वरच्या पत्रासारखीच राहील. मूळ सुटे भाग मात्र जपून ठेवावेत.

प्रश्न : एसीची गळती बंद करणारे सीलंट बाटलीत मिळते. जुन्या गाडीत ते वापरावे का?

उत्तर : नाही. ओलावा लागताच घट्ट होणारी सीलंट गळतीच्या छिद्रापर्यंत पोहोचण्याआधी एक्स्पान्शन व्हॉल्व्हमध्येही (कॉईलमध्ये गॅस सोडणाऱ्या अरुंद झडपेतही) बसू शकतात आणि गॅस काढताना रिकव्हरी मशीनही बिघडवतात. आधीच्या मालकाने ते घातले असल्याची शंका असेल, तर गाडी कामाला देतानाच एसीवाल्याला सांगावे. आपली मशीन त्या गाडीला लावायची की नाही, हे त्याला ठरवता येईल.