'द ट्वायलाइट झोन'चे माझे आवडते भाग : शेवट ठाऊक असूनही पुन्हा पाहावेसे वाटणारे

तुम्ही विचारलंय, 'द ट्वायलाइट झोन' या जुन्या अमेरिकन मालिकेतले तुमचे सगळ्यात आवडते भाग कोणते आणि नव्याने पाहणाऱ्याने कुठून सुरुवात करावी. मालिका 1959 ते 1964 या काळातली, कृष्णधवल, एकूण 156 भाग. प्रत्येक भागात गोष्ट नवी, माणसं नवी. त्यामुळे कुठूनही सुरुवात केली तरी चालते, आणि नेमकी त्यामुळेच पंचाईत होते.

माझी कसोटी साधी आहे. ही मालिका शेवटच्या धक्क्यासाठी प्रसिद्ध आहे, पण धक्का बसतो एकदाच. शेवट पाठ असताना पुन्हा पाहिला आणि पहिल्यापेक्षा जास्त आत गेला, तर तो भाग माझ्या आवडीचा. म्हणून खाली मी शेवट सांगणार आहे. ज्यांना कोऱ्या मनाने पाहायचंय त्यांनी नुसती नावं टिपून घ्या आणि पाहून झाल्यावर उरलेलं वाचा.

सगळ्यात वर 'वॉकिंग डिस्टन्स'. पहिल्याच हंगामातला, 30 ऑक्टोबर 1959 चा. मार्टिन स्लोन हा 36 वर्षांचा, न्यूयॉर्कच्या जाहिरात कंपनीत मोठ्या हुद्द्यावरचा, पार थकलेला माणूस. गाडी पेट्रोल पंपावर दुरुस्तीला टाकतो आणि पाहतो तर त्याचं लहानपणचं गाव, होमवुड, तिथून दीडच मैलांवर. तो चालत निघतो आणि पोचतो 1934 च्या उन्हाळ्यात. आइस्क्रीम सोडा दहा सेंटला, आईवडील जिवंत, आणि बँडस्टँडच्या खांबावर चाकूने नाव कोरणारा अकरा वर्षांचा मार्टिन स्वतः. मोठा मार्टिन त्याच्याशी बोलायला जातो. त्याला एवढंच सांगायचं असतं की बाळा, हे दिवस फार चांगले आहेत, ते भरभरून जग. पोरगा घाबरून पळतो, फिरत्या मेरी-गो-राउंडवरून पडतो, पाय दुखावतो. त्याच क्षणी मोठ्या मार्टिनच्या पायातही कळ येते.

मग वडील येतात. मार्टिनचं पडलेलं पाकीट त्यांनी उघडून पाहिलेलं असतं. लायसन्सवरची तारीख, नोटांवरची सालं पाहून त्यांना कळून चुकलेलं असतं की हा परका माणूस आपलाच मुलगा आहे. ते ओरडत नाहीत, रडत नाहीत. पाकीट परत देतात आणि समजावतात : तुला इथून जायला हवं, हा उन्हाळा त्या पोराचा आहे, प्रत्येकाच्या वाट्याला असा एकच येतो. तुझ्याकडेही मेरी-गो-राउंड असतील, बँड वाजत असतील, तू फक्त मागे वळून शोधत राहिलास, जरा पुढे बघ. बस, एवढंच. मार्टिन लंगडत परत जातो.

पहिल्यांदा मी हा भाग मार्टिनच्या बाजूने पाहिला. बाबा गेल्यानंतर पाहिला तेव्हा सगळं लक्ष वडिलांकडे होतं. मुलाला पुन्हा भेटायची संधी मिळूनही तो माणूस त्याला निरोप देतो, कारण घरात दुसरा मार्टिन पाय दुखावून पडलाय. ते दृश्य मला त्या दिवशी सलग पाहवलं नाही. बर्नार्ड हरमनने या भागाला दिलेलं संगीतही असं आहे की डोळे मिटले तरी संध्याकाळ झाल्यासारखी वाटते.

हा भाग माझा असण्याला आणखी एक कारण आहे. मास्टर्ससाठी मी दोन वर्षं न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅमटनला होते. मालिकेचा कर्ता रॉड सर्लिंग याच गावात वाढला. तिथल्या रिक्रिएशन पार्कात लाकडी घोड्यांचं जुनं मेरी-गो-राउंड आहे, उन्हाळ्यात चालतं आणि त्याला तिकीट नाही. एका बूट कारखानदाराने परिसरातल्या बागांना अशी मेरी-गो-राउंड दिली, अट एकच, की पोरांकडून पैसे घ्यायचे नाहीत. मी गेले त्या ऑगस्टमध्ये पहिल्याच आठवड्यात तिथे बसून आले. ही मालिका मी तोवर ऐकलीही नव्हती. बाहेर पडताना बँडस्टँड दिसला, त्याच्या जमिनीत बसवलेली सर्लिंगच्या नावाची पाटी दिसली, त्यावर 'वॉकिंग डिस्टन्स' हे शब्द. खोलीवर येऊन तो भाग लावला, आणि पडद्यावर मेरी-गो-राउंड फिरायला लागलं. दुपारी हाताखाली असलेला घोड्याचा गुळगुळीत, रंगाचे थर चढलेला मानेचा लाकडी उंचवटा मला अजून आठवतो.

सर्लिंग अठराव्या वर्षी शाळा संपताच सैन्यात गेला, छत्रीधारी सैनिक म्हणून फिलिपिन्समध्ये लढला, जखमी झाला. गुडघ्याचं दुखणं त्याला पुढे बरीच वर्षं पुरलं. मार्टिनचं लंगडणं पाहताना मला हे आठवल्याशिवाय राहत नाही. तो गेला 1975 साली, फक्त 50 वर्षांचा.

दुसरा भाग, 'द मॉन्स्टर्स आर ड्यू ऑन मेपल स्ट्रीट', 4 मार्च 1960. एका शांत गल्लीवरून काहीतरी लखलखत जातं आणि वीज, फोन, गाड्या सगळं बंद पडतं. कॉमिक्स वाचणारा एक मुलगा म्हणतो, परग्रहावरचे लोक आधी माणसांसारखी दिसणारी कुटुंबं पाठवतात. पोराचं बोलणं, पण गल्लीत प्रत्येकजण शेजाऱ्याकडे वेगळ्या नजरेने बघायला लागतो. एकाची गाडी आपोआप सुरू होते, म्हणजे तो संशयित. तो पहाटे अंगणात उभा राहून आकाशाकडे बघतो म्हणे! झोप येत नाही म्हणून, हे तो सांगतोय, पण ऐकतंय कोण. अंधारातून एक माणूस चालत येतो आणि गोळी सुटते. मेलेला माणूस त्यांचाच शेजारी, पलीकडच्या गल्लीत वीज आहे का बघायला गेलेला. शेवटी टेकडीवर परग्रहवासी खरंच दिसतात. त्यांना फक्त दिवे चालूबंद करायचे असतात, बाकीचं काम माणसंच करतात.

हा मी 2018 च्या जुलैमध्ये पुन्हा पाहिला. धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने भिक्षेकरी समाजातल्या पाच माणसांना ठार मारलं, त्याच्या पुढच्या आठवड्यात. तिथेही सुरुवात मोबाइलवर फिरणाऱ्या अफवांनी झाली होती. मेपल स्ट्रीटवरच्या माणसांचे चेहरे मला त्या रात्री अमेरिकन वाटले नाहीत.

सर्लिंगला असं का लिहावं लागलं, हे कळलं की भाग आणखी उघडतो. 1955 मध्ये अमेरिकेच्या दक्षिणेतल्या मिसिसिपी राज्यात एमेट टिल या 14 वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाची वंशद्वेषातून हत्या झाली आणि मारेकरी सुटले. सर्लिंगने त्यावरून दूरदर्शननाटक लिहिलं, 'नून ऑन डूम्सडे'. प्रायोजकांना दक्षिणेतल्या गिऱ्हाइकांची धास्ती. गोष्ट उत्तरेकडे न्यू इंग्लंडमध्ये हलवली, मेलेल्या माणसाला कुठलासा परदेशी केलं, कोका-कोलाच्या बाटल्यासुद्धा दक्षिणेची आठवण करून देतील म्हणून काढल्या. नाटक 1956 मध्ये दाखवलं गेलं तेव्हा त्यात एमेट टिल उरला नव्हता. जवळजवळ चार वर्षांनी सर्लिंग परग्रहवासी घेऊन आला आणि तेच बोलला, या वेळी कुणी कात्री लावली नाही.

तिसरा, 'आय ऑफ द बिहोल्डर', 11 नोव्हेंबर 1960. चेहऱ्यावर पट्ट्या बांधलेली जॅनेट टायलर इस्पितळात पडलीये. चेहरा 'माणसात बसण्यासारखा' व्हावा म्हणून हा अकरावा उपचार. पट्ट्या निघतात, आत सुंदर तरुणी, आणि डॉक्टर-नर्स किंचाळतात. मग दिवे लागतात आणि त्यांचे डुकरासारखे वाकडे चेहरे दिसतात. हा शेवट पुष्कळांना ऐकून माहीत असतो. म्हणूनच तुम्ही पाहताना तो कसा लपवलाय तेवढं बघा. वीसेक मिनिटं खोलीत माणसं ये-जा करतात, बोलतात, सिगारेट ओढतात, आणि एकाचाही चेहरा दिसत नाही. कधी पाठ, कधी पडद्यावरची सावली, कधी नुसते हात. आणि कुठेही मुद्दाम लपवलंय असं जाणवत नाही. दिग्दर्शक डग्लस हेज आणि छायाचित्रकार जॉर्ज क्लेमेन्स यांचं हे काम मी कितीही वेळा बघू शकते. दुसऱ्यांदा पाहताना कान नर्सच्या आवाजाकडे जातो. तिच्या आवाजात माया आहे. ती वाईट बाई नाहीच, आणि त्यानेच जास्त भीती वाटते.

चौथा 'द इन्व्हेडर्स', 27 जानेवारी 1961, दिग्दर्शक पुन्हा हेजच. हा मी आईला दाखवला. तिला इंग्रजी कळत नाही, आणि या भागात जवळजवळ संवादच नाहीत. आडरानातल्या झोपडीत एकटी राहणारी बाई. छपरावर लहानशी तबकडी उतरते, त्यातून वीतभर उंचीची दोन यंत्रमानवासारखी पात्रं निघतात आणि तिला छळतात. ॲग्नेस मूरहेडच्या तोंडी एकही शब्द नाही. धाप, कण्हणं, किंचाळी, एवढ्यावर तिने सगळा भाग पेललाय. तिच्याच घरातली सुरी तिच्यावर चालते तेव्हा आई पुटपुटली, "अगं, दार लावून घे ना!" शेवटी बाई कुऱ्हाडीने तबकडी फोडते आणि कॅमेरा तबकडीवरच्या अक्षरांवर जातो. आईने विचारलं, काय लिहिलंय? मी सांगितलं, अमेरिकेच्या हवाई दलाचं यान आहे ते. म्हणजे ती बुटकी माणसं पृथ्वीवरची, आपल्यातली, आणि बाई दुसऱ्या ग्रहावरची राक्षसीण.

आई क्षणभर थांबली आणि म्हणाली, "मग काय झालं? घर तर तिचंच होतं ना."

या भागाबद्दल मी वाचलेल्या कुठल्याही लेखात इतकी नेमकी गोष्ट सांगितलेली नाही. आम्ही शोधतो ती कलाटणी, आणि तिने कुणावर अन्याय झाला ते पाहिलं.

'नथिंग इन द डार्क'ही जरूर पाहा. मृत्यूच्या भीतीने दार न उघडणारी म्हातारी आणि दारात जखमी होऊन पडलेला तरुण पोलीस. तो पोलीस म्हणजे हॉलिवूडचा नट रॉबर्ट रेडफर्ड, अगदी कोवळा. ज्यांच्या घरात कुणी वृद्ध माणूस अंथरुणाला खिळलंय, त्यांना हा भाग हात धरल्यासारखा वाटेल.

'टाइम इनफ ॲट लास्ट' सगळ्यांच्या यादीत असतो, माझ्या नाही. पुस्तकवेडा हेन्री बेमिस अणुयुद्धातून एकटा वाचतो, वाचायला अख्खं ग्रंथालय मिळतं आणि चष्मा फुटतो. बर्जेस मेरेडिथने काम अप्रतिम केलंय. पण त्या गरीब माणसाने कुणाचं काय बिघडवलं होतं? 'टू सर्व्ह मॅन' मजेदार आहे, एकदा पुरतो. विमानाच्या पंखावरच्या भुताचा 'नाइटमेअर ॲट 20,000 फीट' रात्रीच्या प्रवासाआधी मात्र नको.

क्रम विचारलात म्हणून सांगते : आधी 'मेपल स्ट्रीट', मग 'आय ऑफ द बिहोल्डर', मग घरातल्या कुणाला तरी शेजारी बसवून 'द इन्व्हेडर्स'. प्रत्येकी पंचवीसच मिनिटं लागतात. 'वॉकिंग डिस्टन्स' राखून ठेवा, गावाची फार आठवण येईल त्या रात्रीसाठी.

आईला तो मी अजून दाखवलेला नाही. त्यात संवादच सगळं आहे. वडील मार्टिनला जे सांगतात ते तिला मराठीत त्यांच्याच आवाजात ऐकू यायला हवं. वहीत तीनदा लिहून पाहिलंय. दोनदा ते फार पुस्तकी झालं, आणि तिसऱ्यांदा त्यात बाबांचेच शब्द आले.