सुपर बोलमधल्या टिम टीबोच्या जाहिरातीवर लोक एवढे का पेटले होते?

तुम्ही विचारलंय की 2010 च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्यात, टिम टीबो या फुटबॉलपटूची अन त्याच्या आईची जाहिरात आली तेव्हा एवढा गदारोळ का झाला, त्यात तर काहीच वादग्रस्त दिसत नाही. दिसत नाही हे बरोबरच आहे. 30 सेकंदात आई सांगते की माझं हे लेकरू म्हणजे चमत्कार, कितीदा वाटलं हे हातचं जाईल, मधेच टिम येऊन तिला टॅकल करतो, म्हणजे खेळातल्यासारखं धरून पाडतो, अन शेवटी म्हणतात पूर्ण गोष्ट वेबसाइटवर बघा. गर्भपात हा शब्दच नाही.

पण ती पूर्ण गोष्ट लोकांना आधीच माहीत होती ना. 1987 मध्ये त्याची आई पॅम मिशनरी म्हणून फिलिपिन्समध्ये होती, गरोदर असताना खूप आजारी पडली, डॉक्टरांनी गर्भपात सुचवला अन तिनं तो नाकारला, असं ती सांगते. पैसे घातले होते फोकस ऑन द फॅमिलीनं, म्हणजे गर्भपाताच्या उघड विरोधातली ख्रिश्चन संघटना. आपल्याकडे 1971 पासून याचा कायदा आहे अन नागपुरात या मुद्द्यावर कोणी मत मागत फिरत नाही, म्हणून आपल्याला तो राग पटकन समजत नाही. तिकडे 1973 च्या रो विरुद्ध वेडच्या निकालापासून, म्हणजे सुप्रीम कोर्टानं गर्भपाताचा हक्क मान्य केला तेव्हापासून (2022 मध्ये तो निकाल रद्द झाला), अख्ख्या निवडणुका यावर लढल्या जातात.

नाऊसारख्या महिला संघटनांनी सामना दाखवणाऱ्या सीबीएस चॅनेलला जाहिरात दाखवूच नका म्हटलं, तेही ती बघायच्या आधी. मला हे पटत नाही, कारण त्या ओरड्यानंच तिला फुकटची प्रसिद्धी मिळाली. गर्भपाताच्या हक्काच्या बाजूच्या प्लॅन्ड पॅरेंटहुड या संघटनेनं शॉन जेम्स अन अल जॉयनर या खेळाडूंना घेऊन बाईच्या निर्णयाचा मान ठेवा असा स्वतःचा व्हिडिओ काढला, उत्तर द्यायचं तर असं द्यावं.

माझा खरा राग चॅनेलवर आहे. याच सीबीएसनं 2004 च्या सुपर बोलला मूव्हऑन या राजकीय गटाची सरकारी तुटीवरची जाहिरात वादाचा विषय म्हणून नाकारली, त्याच वर्षी युनायटेड चर्च ऑफ क्राइस्टची, आमच्या चर्चमध्ये समलैंगिकांसकट सगळ्यांचं स्वागत आहे असं सांगणारी, तीही नाकारली. अन 2010 मध्ये म्हणतात आमचं धोरण आता सैल झालंय! पण त्याच सामन्याला एका गे डेटिंग साइटची जाहिरात परत पाठवली. मग सैल नेमकं कोणासाठी झालं?

सामना सुमारे 10.6 कोटी लोकांनी पाहिला, जाहिरात आली, बरेच जण म्हणाले अरे एवढंच होतं का. नाऊच्या अध्यक्ष टेरी ओ'नील यांनी आईला पाडण्याच्या गमतीवर, ही बाईवरची हिंसा आहे म्हणून टीका केली, पण तोवर मूळ प्रश्न मागे पडला होता.

आपल्याकडे नागपूरच्या जामठा स्टेडियममधल्या क्रिकेट मॅचमध्ये अशी जाहिरात आली असती का? कठीणच. केबल टीव्हीच्या 1994 च्या नियमांत मुख्यतः धार्मिक किंवा राजकीय हेतूच्या जाहिरातींना मनाई आहे, फक्त राजकीय जाहिराती 2004 मध्ये सुप्रीम कोर्टाच्या आदेशानं आधी तपासून दाखवायला लागले. या नियमातही राजकीय काय ते ठरवणाऱ्याच्या हातात बरंच राहतं, तरी कोणाला हो अन कोणाला नाही हे निदान लिहिलेलं आहे अन त्यावर कोर्टात जाता येतं. सीबीएसकडे नकार मिळालेल्यांना जायला जागाच नव्हती, म्हणून त्या संघटनांनी 'बंद करा' ऐवजी '2004 मध्ये नाकारलेल्या त्या दोन्ही जाहिराती पण दाखवा' असं म्हणायला पाहिजे होतं.