पावसाळ्यात लिपो ठेवताना

अरे, जूनमध्ये रिमोटवर उडणारं विमान माळ्यावर टाकलंस तरी चालेल, त्याची लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी मात्र तशीच टाकू नकोस. रविवारी उडवू म्हणून फुल चार्ज करायची आणि मग पाऊस लागतो तो लागतोच. मीही केलंय हे. दसऱ्याला कपाट उघडलं तर दोन पॅक पुरीसारखे टम्म फुगलेले!

प्रत्येक सेल ३.८ ते ३.८५ व्होल्टवर आणून ठेव, म्हणजे तीन सेलचा पॅक साधारण ११.४ ते ११.५५ ला. चार्जरवर ‘स्टोरेज’ मोड असेल तर तो भरलेली उतरवतो, उतरलेली चढवतो. सेलमागे ४.२ ला, म्हणजे फुल चार्ज, पडून राहिली की आत गॅस धरायला लागतो. सेलमागे ३ च्या खाली गेली तर संपलीच समज. विमानातून काढूनच ठेव, स्विच बंद असला तरी ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) थोडा करंट खाऊ शकतो. महिन्यातून एकदा सेल चेकर लावून बघ.

डबा पत्र्याचा घे, पण हवाबंद नको. गॅस कोंडला तर डबाच फुटेल. कनेक्टरना टोप्या घाल. उन्हात उभ्या गाडीत तर ठेवूच नकोस.

आणि फुगलेली बॅटरी टोचून ‘हवा काढायची’ नाही हं! ती ई-कचऱ्यात.